चौथ्या बाजूची पावलं

॥ श्री ॥

९ जानेवारी

चि. झेंडीस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू रोज वीस माणसांचे दात घडवतेस हे ऐकून शेजारच्या आजी हरखून गेल्या आणि येताना माझ्यासाठीही एक कवळी घेऊन ये म्हणाल्या. कवळी काही बांगड्यांसारखी अंदाजानं आणता येत नाही, असं मी त्यांना दोनदा समजावलं. पटलेलं दिसत नाही. काल परत आल्या आणि रंग जरा उजळ बघ म्हणून सांगून गेल्या.

आता यांच्याविषयी. मागच्या पत्रात सगळं ठीक आहे असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. परदेशात एकटी आहेस, उगाच जिवाला घोर नको म्हणून लिहिलं. खुब्याचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. हाडातला खिळा अगदी नीट बसलाय असं हाडांचे डॉक्टर म्हणतात. बिघडलंय ते दुसरंच. हे पलंगावरून उठायलाच तयार नाहीत. वॉकर आणला, तर त्याला पिंजरा म्हणाले आणि त्याच्यावर ओला टॉवेल वाळत घालायला लावला. व्यायाम घ्यायला बाई येतात तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतात. छत्तीस वर्षं जमिनीच्या मोजणीत साखळी घेऊन रानोमाळ फिरलेला माणूस, निवृत्त झाल्यावर शेजाऱ्याला कुंपणाची हद्द दाखवायला गेला आणि गटाराच्या कडेवरून घसरला, याची त्यांना लाज वाटते. तोंडानं सांगणार नाहीत, पण मला कळतं.

परवा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. फेब्रुवारी संपायच्या आत हे पायांवर उभे राहून चालायला लागले नाहीत, तर सांधा आखडेल आणि मग कायमचं अंथरूण. मी घरी येऊन स्वयंपाकघरात रडून घेतलं आणि मग तोंड धुऊन त्यांना चहा दिला.

एक कर. उपदेश करू नकोस. तुझा मामा येऊन अमक्याचे सासरे असे चालायला लागले, तमक्याचे काका तसे चालायला लागले, अशी दहा उदाहरणं देऊन गेला. त्यानंतर दोन दिवस हे माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत. तू काहीतरी असं लिही की ते निदान उठून बसतील. काय लिहायचं ते तुलाच कळेल. लहानपणी मोजणीच्या वेळी झेंडी धरून उन्हातान्हात त्यांच्यामागे पळायचीस ती तू, मी नव्हे.

तब्येतीला जप. आमची माया आहेच, तुझी पत्रातून येत राहू दे.

तुझी
आई


२१ जानेवारी

ती. बाबांस झेंडीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायला उशीर झाला म्हणून रागावू नका. आज लिहिते आहे ते कामाचं आहे आणि तुमच्याच खात्यातलं आहे.

परवाच्या रविवारी मी फिरायला गेले होते, रंगबाईंबरोबर. रंगबाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्या. मी साच्यातून दात काढते आणि त्या त्यांना रंग देतात. दात पांढरे असतात असा आपला समज आहे, पण त्यांच्या पेटीत पांढऱ्याच्या सोळा छटा आहेत. माणूस समोर बसला की त्याच्या दाताशी एकेक नमुना धरून बघतात आणि हा चहा किती पितो, विडी ओढतो का, सगळं ओळखतात. वयानं पंचावन्नच्या, पण माझी त्यांची गट्टी जमली आहे. डबा आम्ही एकत्रच खातो.

बसनं तासाभराच्या अंतरावर टेकडीवर एक जुनं गाव आहे. लांबलांबून लोक ते बघायला येतात. रंगबाई जन्मापासून इथल्या आणि त्यांनी ते कधी बघितलेलं नव्हतं. कधीही जाता येईल म्हणून कधीच जाणं झालं नाही, म्हणाल्या. म्हणून मीच त्यांना उठवलं. पाव, उकडलेली अंडी, थर्मासमध्ये चहा घेतला आणि सकाळच्या बसनं गेलो.

बाबा, तुम्ही असायला हवे होतात. एक गल्ली इतकी अरुंद की समोरून माणूस आला तर एकानं दारात शिरून उभं राहायचं. घरांच्या पायऱ्या दगडी, पण सगळ्या एकाच बाजूला झिजलेल्या. मी खाली बसून बघत राहिले. मग कळलं, कठडा त्याच बाजूला आहे, चारशे वर्षं लोक कठडा धरूनच उतरलेत. काही घरांच्या खिडक्या आपल्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होत्या. पूर्वीची माणसं काय बुटकी होती का, असं मी विचारलं. रंगबाई म्हणाल्या, माणसं नव्हे, रस्ता वर आला असेल, दर पिढीनं आपापला थर घातला असेल. तुमच्यासारखंच बोलल्या.

आता मुख्य गोष्ट. गावाभोवतीची भिंत अजून अखंड आहे आणि तिच्यावरून चालत पूर्ण फेरी मारता येते. सात बुरूज, म्हणजे सात बाजू. वेशीजवळ पाटी लावली आहे, तिच्यावर भिंतीचा घेर दिलाय. आपल्या फुटांत केला तर बरोबर चार हजार. बरोबर चार हजार, बाबा! कुठल्या भिंतीचं माप असं गुळगुळीत असतं? मला शंका आली. तुम्ही दिलेलं होकायंत्र पर्समध्ये होतंच. माझं पाऊल अडीच फुटांचं, शाळेच्या मैदानावर शंभरदा चालवून तुम्हीच पक्कं करून घेतलेलं. वेस सातव्या बुरुजाशी आहे, तिथून मी मोजायला सुरुवात केली.

रंगबाईंना जिने आवडत नाहीत, त्यामुळे त्या भिंतीलगतच्या गल्लीतून, बाकांवर बसत बसत येत होत्या. मी प्रत्येक बुरुजावर पोचले की खालून हात हलवायच्या. तिसऱ्या बुरुजाशी जिन्याऐवजी चढण आहे, तिथे त्या वर आल्या. तिथून चौथ्या बुरुजापर्यंत नदी दिसते, ती त्यांना बघायची होती. त्या चौथ्या बुरुजाच्या उतारानं परत खाली गेल्या. त्या बाजूला आम्ही गप्पा मारत चाललो, पण मी कोटाच्या खिशात बोटं मिटत मोजणी चालू ठेवली होती. शिस्त मोडली नाही.

एकूण भरली सोळाशे बासष्ट पावलं. म्हणजे चार हजार एकशे पंचावन्न फूट. पाटी दीडशे फुटांनी चुकली आहे! मी वेशीवरच्या पहारेकऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ही पाटी त्याच्या आजोबांच्या वेळची आहे आणि आजवर एकाही माणसानं तक्रार केलेली नाही. एवढं बोलून त्यानं पाठ फिरवली. तुम्ही निकाल द्या. सातही बाजूंची पावलं आणि दिशा वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडल्या आहेत.

आईला नमस्कार. शेजारच्या आजींना सांगा, मापाशिवाय कवळी होत नाही. माझ्यावर लोभ असू द्यावा, मापं चुकली तर कानही धरावा.

तुमची
झेंडी


२ फेब्रुवारी

चि. झेंडीस अनेक आशीर्वाद.

पाटी बरोबर आहे. चूक तुझी आहे.

तुझा कागद पलंगावर पडून बघता येईना, म्हणून उठून बसलो. मांडीवर पाट घेतला, कपाटातून कोनमापक काढायला लावला आणि सगळ्या बाजू कागदावर आखल्या. दोन दिवस गेले. तुझी आई मधूनमधून डोकावून जात होती. तिला वाटलं, मी मृत्युपत्र लिहितोय.

निघालीस त्या वेशीपाशीच परत आलीस ना? मग कागदावरही तिथेच पोचायला हवीस. तू पोचत नाहीस. तुझ्या मोजणीप्रमाणे तू फेरी पूर्ण करून भिंतीच्या बाहेर, कोणाच्या तरी कोबीच्या शेतात उभी आहेस. निघालेली जागा आणि पोचलेली जागा यांमध्ये बासष्ट पावलांची फट आहे. आता ही फट ज्या दिशेनं पडते, त्याच दिशेनं जाणारी तुझी एकच बाजू आहे, ती म्हणजे चौथी. तिसऱ्या बुरुजापासून चौथ्यापर्यंत. तिथे तू तीनशे बारा लिहिली आहेस. त्यातून बासष्ट काढली की तू मुकाट्यानं वेशीत येतेस आणि घेर बरोबर चार हजार भरतो. पहारेकऱ्याची माफी माग.

पण माझं समाधान झालेलं नाही. तू शेकड्याला एक बोट मिटतेस. मोजताना चूक झाली तर शंभराची होईल, बासष्टची कशी होईल? तीनशे बारा पावलं तू खरोखर टाकलीस, असं मी धरून चालतो. अडीचशे पावलांच्या जागेत तीनशे बारा मावली, म्हणजे त्या बाजूला तुझं पाऊल अडीच फुटांचं नव्हतं. दोनच फुटांचं होतं. बाकी सहा बाजूंना बिनचूक अडीच आणि तिथेच दोन. हे का?

उत्तरं लिही. तिथे चढ होता का? फरशी निसरडी होती का? हातात काही ओझं होतं का? जोडे बदललेस का? वारा समोरून होता का? प्रत्येकाचं वेगळं उत्तर दे, मोघम लिहू नकोस.

बाकी ठीक. पायाविषयी विचारू नये. इथे लोभाला तोटा नाही, चालण्याचा मात्र हिशेब दे.

बाबा


१२ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून कान लाल झाले. आधी तुमच्या आकृतीवरच विश्वास ठेवायला तयार नव्हते. मग स्वतः आखून बघितलं. मीही कोबीच्या शेतातच पोचले.

आता उत्तरं. चढ नव्हता. भिंतीचा माथा तिथे सपाट आहे, एक चेंडू ठेवला तर हलणार नाही. फरशी कोरडी होती. ओझं म्हणजे खांद्याला पिशवी, ती सातही बाजूंना होती, उलट चौथ्या बाजूपर्यंत अंडी खाऊन झाल्यामुळे हलकीच झालेली. जोडे तेच. वारा नव्हता. दमलेही नव्हते, कारण त्यानंतरच्या तिन्ही बाजू तुम्हीच बरोबर ठरवल्या आहेत.

वेगळं एवढंच की त्या बाजूला मी एकटी नव्हते आणि बोलत होते. रंगबाई मला नदीपलीकडची त्यांची शाळा दाखवत होत्या. बोलण्यानं पाऊल आखडतं का? मला खरंच माहीत नाही. तुमच्याकडून शिकायला मिळालं नाही, कारण तुम्ही चालताना कधी बोलला नाहीत. आई मागून बोलत यायची आणि तुम्ही पुढच्या वळणावर दिसेनासे झालेले असायचात.

गुन्हा कबूल, पण कारण सापडत नाही. शोधून काढा, तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. तोवर या चुकार लेकीवरची माया आटू देऊ नये.

तुमची
झेंडी


२५ फेब्रुवारी

चि. झेंडीस आईचे अनेक आशीर्वाद.

अगं, तू यांना काय लिहिलंस? गेले तीन दिवस या घरात काय चाललंय ते मला समजेनासं झालंय.

परवा तुझं पत्र आलं. वाचून यांनी मला खडू आणायला सांगितला आणि पलंगाच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतचा जो पॅसेज आहे, त्यात दर फुटावर रेघ मारायला लावली. वीस रेघा. गुडघे दुखून आले. मग मला चालायला लावलं. आधी गप्प बसून चाल, मग बोलत चाल. काय बोलू विचारलं, तर म्हणाले नेहमी बोलतेस तेच. मग पाण्यानं भरलेली बादली घेऊन चाल. पलंगावरून मान काढून माझ्या पायांकडे बघत होते आणि टिपणवहीत लिहीत होते. अडतीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझ्या पायांकडे एवढं निरखून कधी बघितलं नव्हतं. दूधवाला दारात उभा राहून सगळा प्रकार बघून गेला.

हे सगळं विचित्र आहे, पण खरी बातमी पुढे आहे. काल दुपारी मी आडवी झाले होते. पॅसेजमधून ठक् असा आवाज आला. मला वाटलं, मांजरानं भांडं पाडलं. परत ठक्. मग थोडं थांबून परत. मी डोळे मिटूनच पडून राहिले. उठावंसं इतकं वाटत होतं, पण धीर धरला. बऱ्याच वेळानं पलंग करकरला. मग जाऊन बघितलं, तर वॉकरवरचा टॉवेल घडी करून खुर्चीवर ठेवलेला आणि हे भिंतीकडे तोंड करून घोरत होते. घोरणं खोटं होतं.

मी काही विचारलं नाही. आज फरशी पुसताना खडूच्या रेघा सोडून पुसली. महिना संपायला तीन दिवस राहिलेत आणि मला पहिल्यांदाच बरं वाटतंय. तूही काही कळल्याचं दाखवू नकोस.

तुझ्या पत्रांची वाट बघण्याची सवय लागली आहे, ती मोडू नकोस.

तुझी
आई


२८ फेब्रुवारी

चि. झेंडीस अनेक आशीर्वाद.

कारण सापडलं. पद्धतशीर लिहितो.

तुझ्या आईवर प्रयोग केले. बोलल्यानं पाऊल आखडत नाही. तुझी आई बोलायला लागली की उलट भरभर चालते. ओझ्यानं आखडतं, पण इंच दोन इंच, सहा इंच नाही. आता एकच शक्यता उरत होती, की आपल्या शेजारचा माणूस आखूड पावलं टाकत असेल तर आपलंही आखडतं. हे तपासायचं तर आखूड पावलाचा माणूस पाहिजे. या घरात तसा एकच आहे. म्हणून टॉवेल काढून पिंजऱ्यात शिरलो. तपासणीसाठी शिरलो, दुसरं काही नाही. तुझ्या आईला सांगू नकोस, ती झोपलेली असताना सुरुवात केली. तिला वाटेल, तिच्या रडण्यानं मी विरघळलो.

पहिल्या दिवशी सहा फूट गेलो आणि घाम फुटला. दुसऱ्या दिवशी पॅसेज पुरा केला. पूर्वी तो आठ पावलांत संपायचा, आता बावीस लागली. झेंडे, तुझ्यापाशी लपवत नाही, ती बावीस मोजताना फार वाईट वाटलं. पण मोजणी अर्धवट टाकायची नाही, हा शिरस्ता आहे.

मग व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या. त्या कवायतीला आल्यासारख्या चालतात, माझ्या रेघांवर मोजल्या तर त्यांची दाराकडून येतानाची पावलं नऊ. मी पिंजरा घेऊन उभा राहिलो तर त्या आनंदानं टाळ्या वाजवायला लागल्या. मी म्हटलं, आनंद नंतर करा, आधी माझ्या शेजारून चाला. चालल्या. मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. बावीस पडली. विचारलं, तुम्ही मुद्दाम सावकाश चाललात का? म्हणाल्या, छे, मी नेहमीसारखीच चालले. आठवून बघ, तूही मला हेच लिहिलं होतंस. शिस्त मोडली नाही म्हणून.

आता निकाल. चौथ्या बाजूला तुझ्या शेजारी दोन फुटांच्या पावलाची व्यक्ती चालत होती. तिला जिने चालत नाहीत, चढण चालते. ती दर बुरुजाशी बाकावर बसते. रंगबाईंना जिने आवडत नाहीत असं तू लिहिलंस. आवडत नाहीत असं नसतं, झेंडे. त्यांच्या पायाला काय झालं आहे? लपवू नकोस. कुठलं हाड, कधी मोडलं, किती महिने लागले आणि आता किती फूट जातात, सगळं लिही. मला कळलंच पाहिजे.

लोभ वाढवावा, पत्र आखडू नये.

बाबा


१० मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र प्रयोगशाळेत नेऊन वाचलं आणि प्लॅस्टर लागलेल्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळे दिवसभर भुतासारखी दिसत होते.

हो बाबा. रंगबाईंचाही खुबाच मोडला होता. दोन वर्षांपूर्वी पडदे लावताना स्टुलावरून पडल्या. तुमच्यासारखाच खिळा, तीच डावी बाजू. मी लिहिलं नाही, कारण आईनं ताकीद दिली होती की उदाहरणं देऊ नकोस, मामानं दिलेली अजून पचलेली नाहीत. तेव्हा मी त्यांचा पाय पत्रातून अगदी काळजीपूर्वक गाळला होता. तुम्हाला उठवून बसवावं म्हणून मोजणी पाठवली, हे मात्र कबूल करते. तेवढाच कावा होता. चूक मुद्दाम केलेली नव्हती. माझं पाऊल आखडलंय हे मला आजवर माहीत नव्हतं. मी जो पाय लपवला, तो माझ्या पायांनीच तुम्हाला कळवून टाकला.

रंगबाईंना मी तुमचं पत्र इथल्या भाषेत वाचून दाखवलं. सातासमुद्रापलीकडे पलंगावर बसलेल्या माणसानं एका कागदावरून आपलं लंगडणं ओळखलं, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की हातातला दात खाली पडला. मग तो उचलून पुसत म्हणाल्या, पडल्यापासून कोणी बरोबर चालायला लागलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, वाटतं हे माझ्यासाठी खोळंबलेत. भिंतीवर मात्र तसं काही वाटलं नाही, पहिल्यांदाच वाटलं नाही, आणि ते का हे आज कळलं.  तुमच्या प्रश्नांची उत्तरं पुढे देते, त्यांनीच सांगितली आहेत.

पाच महिने लागले. पहिले दोन महिने त्या उठल्याच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडायच्या. आता एका दमात हजार फूट जातात, मग बाक लागतो. त्यांची युक्ती अशी: कुठे पोचायचं ते ठरवायचं नाही, पुढच्या खांबापर्यंत जायचं आणि खांबाला हात लावून त्याच्यापुढचा खांब बघायचा. शेवटी तुम्हाला एक प्रश्न विचारला आहे. तुमच्या घराबाहेरचा पहिला खांब किती पावलांवर आहे?

आम्ही पुढच्या महिन्यात परत त्या गावी जाणार आहोत. या वेळी मी मोजणार नाही. पहारेकऱ्याची माफी तेवढी मागीन.

माझ्यावरचा राग या पत्रासरशी सोडावा, लोभ मात्र धरून ठेवावा.

तुमची
झेंडी


२२ मार्च

चि. झेंडीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या रंगबाईंना माझा नमस्कार सांग आणि उत्तर कळव. आमच्या दाराबाहेरचा पहिला खांब विजेचा, अठ्ठेचाळीस पावलांवर. तिथे मी या सोमवारी हात लावला. दुसरा खांब पाणपोईजवळचा. तिसरा नाही, त्याऐवजी कोपऱ्यावरची पोस्टाची पेटी आहे.

काल सकाळी पेटीपर्यंत जाऊन आलो. पिंजरा घरी ठेवला आणि काठी घेतली. बरोबर तुझी आई होती. पूर्वी हे अंतर माझं एकशे ऐंशी पावलांचं. काल तीनशे चौदा पडली. या वेळी वाईट वाटलं नाही. डॉक्टरांना वहीतले आकडे दाखवले तर म्हणाले, असा आलेख त्यांनी आजवर पाहिलेला नाही.

एक नोंद महत्त्वाची. निघताना मी तुझ्या आईला तिची पावलं वेगळी मोजायला सांगितली होती. पेटीपाशी पोचल्यावर माझा आकडा मोठ्यानं सांगितला आणि मग तिला विचारलं. तिचीही तीनशे चौदा. पुन्हा विचारलं, तरी तेवढीच. टिपणवहीत दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहून ठेवले आहेत.

हे पत्र आज मी स्वतः पेटीत टाकणार आहे. तुमच्या चौथ्या बाजूला माझे आशीर्वाद, आणि तुझ्यावर लोभ आहे तो आहेच.

बाबा


२३ मार्च

चि. झेंडीस आईचे अनेक आशीर्वाद.

यांचं पत्र काल गेलं, हे मी वेगळं टाकते आहे. त्यांना कळू देऊ नकोस.

मी पावलं मोजली नाहीत. मोजायचं ठरवलं होतं, दहापर्यंत मोजलीही, पण मग काठी कुठे पडते, पाय कसा उचलतात, यातच माझं सगळं लक्ष गेलं. पेटीपाशी त्यांनी त्यांचा आकडा सांगितला आणि माझ्याकडे इतक्या आशेनं बघितलं की मी तोच सांगून टाकला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही घाबरून तोच. त्यांनी तो शाईनं लिहून ठेवलाय. छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत एक खोटा आकडा न लिहिलेल्या माणसाच्या वहीत मी खोटा आकडा घातला, त्याचं पाप मला लागो.

पण एक खरं आहे, ते तुला सांगते. लग्न होऊन आले तेव्हापासून बाजारात, देवळात, लग्नकार्यात, हे नेहमी दहा पावलं पुढे आणि मी मागून पदर सावरत पळत. हाक मारली तर ऐकू जायची नाही. त्यांच्या पाठीची मला जितकी ओळख आहे तितकी चेहऱ्याची नसेल. परवा वाटेत ते बोलत होते. कुठल्या घराची हद्द कुठे सरकली आहे ते सांगत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं.

पेटीपाशी आम्ही दोघं एकदम पोचलो.

सुखी राहा, आणि रंगबाईंना माझ्याकडून मिठी मार.

तुझी
आई